बिलिंग सॉफ्टवेअरचे बाहेर जाणारे कॉल वाटेत अडवून बदलायचे कसे

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीचं बिलिंग सॉफ्टवेअर आतून उघडून बघा. वेब सेवेकडे जाणारे कॉल जागोजागी विखुरलेले दिसतात. आयआरएन (ई-इन्व्हॉइसच्या सरकारी प्रणालीत बिलाची ओळख असलेला क्रमांक) मिळवण्याचा कॉल इन्व्हॉइसच्या फॉर्ममध्ये, ई-वे बिलाचा डिस्पॅचच्या फॉर्ममध्ये, जीएसटी नंबर तपासण्याचा पार्टी मास्टरमध्ये. प्रत्येक बटणामागे टोकन (लॉगिननंतर मिळणारी तात्पुरती ओळखचिठ्ठी) लावायचा, एरर वाचायचा, लॉग लिहायचा तोच कोड पुन्हा चिकटवलेला. सेवा देणाऱ्यानं एक हेडर (कॉलसोबत जाणारी माहितीची ओळ) वाढवलं की सगळे फॉर्म उघडत बसायचं, आणि त्यातला एखादा हमखास सुटतो. तो सुटलेला फॉर्म नेमका संध्याकाळी माल भरलेली गाडी गेटवर उभी असताना सापडतो.

१ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं आणि हे दुखणं मोठ्या कारखान्यांपुरतं राहिलं नाही. हुपरीचे चांदीवाले, इचलकरंजीचे कापडवाले, मार्केट यार्डातले व्यापारी, सगळ्यांच्याच सॉफ्टवेअरला आता बाहेरच्या सेवेशी बोलावं लागतं.

उपाय असा: कॉल जिथून सुटतो आणि तो जिथे नेटवर्कवर पडतो, त्या दोहोंच्या मधे एकच वाट ठेवायची आणि टोकन, सही, पुन्हा प्रयत्न, लॉग हे सगळं त्या वाटेवर बसवायचं. फॉर्मनं फक्त 'हे बिल पाठव' एवढंच म्हणायचं. खालचं मुख्य उदाहरण सी शार्प आणि डॉटनेटचं आहे, कारण डेस्कटॉपवरचं बिलिंग अजून बरंचसं त्यातच चालतं. जुन्या सोप सेवा (एक्सएमएलच्या संदेशांतून बोलणाऱ्या) आणि इतर भाषांबद्दल शेवटाकडे.

आधी नुसतं बघा

कोडला हात लावण्याआधी सध्या नक्की काय जातंय ते डोळ्यांनी बघून घ्या. फिडलर किंवा मिटमप्रॉक्सी लावा. हे प्रॉक्सी प्रोग्राम, म्हणजे कॉल स्वतःमधून जाऊ देतात आणि तुम्हाला दाखवतात. फिडलर क्लासिक ८८८८ पोर्टवर ऐकतो, मिटमप्रॉक्सी ८०८० वर. एचटीटीपीएस उघडून बघायचं तर त्या प्रॉक्सीचं रूट सर्टिफिकेट आपल्या मशीनवर बसवावं लागतं. हे फक्त डेव्हलपमेंटच्या मशीनवर करा आणि काम झालं की काढून टाका. ग्राहकाच्या अकाउंटंटच्या पीसीवर ते विसरून येणं म्हणजे त्याच्या बँकेच्या व्यवहारांनाही भोक पाडून ठेवणं. आणि हे सगळं स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या क्लायंटसाठी. दुसऱ्याच्या ॲपचे कॉल उघडून बघायचा हा मार्ग नव्हे.

कॉल दिसतच नसेल तर कारण बहुतेक वेळा यांपैकी एक असतं. प्रोग्राम विंडोज सर्व्हिस म्हणून दुसऱ्या खात्याखाली चालतोय, म्हणून त्याला तुमच्या खात्याची प्रॉक्सी सेटिंग लागू होत नाही. प्रोग्राम जावात आहे, आणि जावा विंडोजची प्रॉक्सी आपणहून उचलत नाही. ती चालू करताना वेगळी सांगावी लागते. किंवा ॲप अँड्रॉइडवर आहे: अँड्रॉइड ७ पासून वापरकर्त्यानं बसवलेल्या सर्टिफिकेटवर ॲप आपसूक विश्वास ठेवत नाही, तशी मुभा ॲपच्या नेटवर्क सुरक्षा फाइलमध्ये डीबग बिल्डपुरती द्यावी लागते.

सर्टिफिकेटची एरर आली की 'काहीही आलं तरी खरं मान' असा कॉलबॅक लिहून मोकळं व्हायची सवय फार आहे. तो कॉलबॅक डीबगमधून रिलीजमध्ये कधी गेला ते कळतही नाही. रूट सर्टिफिकेट नीट बसवलं तर त्याची गरजच पडत नाही.

साखळी बांधणं

डॉटनेटमध्ये या कामाचा वर्ग आहे डेलिगेटिंग हँडलर. त्यातून आपला वर्ग काढायचा आणि सेंड-असिंक ही एकच पद्धत ओव्हरराइड करायची. त्या पद्धतीत मूळ वर्गाची सेंड-असिंक बोलावण्याआधी जे लिहाल ते जाणाऱ्या कॉलवर चालतं, नंतरचं येणाऱ्या उत्तरावर. मूळ पद्धत बोलावलीच नाही तर कॉल बाहेर जात नाही. उत्तर तुम्हीच बनवून परत देऊ शकता. पार्टीचा जीएसटी नंबर आज सकाळीच तपासला असेल तर साठवलेलं उत्तर द्यायला हा मार्ग चांगला.

हँडलर एकात एक बसतात. डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ मध्ये ही साखळी हातानं बांधावी लागते. प्रत्येकाच्या इनर-हँडलरमध्ये पुढचा हँडलर आणि सगळ्यांत आत एचटीटीपी क्लायंट हँडलर ठेवायचा. शेवटचा ठेवायला विसरलात तर पहिल्याच कॉलला इनर हँडलर नेमलेला नसल्याची एरर येते. नव्या डॉटनेटमध्ये क्लायंट फॅक्टरी (एचटीटीपी क्लायंट साखळीसकट बनवून देणारी सोय) वापरत असाल तर उलटं: इनर-हँडलर स्वतः अजिबात भरायचा नाही, तो फॅक्टरी भरते, आणि आधीच भरलेला दिसला तर ती एरर देते. हँडलर ट्रान्झियंट म्हणूनच नोंदवा, म्हणजे मागितल्यावर दर वेळी नवा मिळेल असा.

क्रमात बहुतेकांची गफलत होते. फॅक्टरीत जो हँडलर आधी जोडाल तो सगळ्यांत बाहेरचा. कचेरीतली फाइल ज्या टेबलांवरून वर जाते त्याच टेबलांवरून उलट क्रमानं खाली येते, तसंच इथे. आम्ही सुचवतो तो क्रम, बाहेरून आत:

१. व्यवहाराचा लॉग: एका कामाला एक ओळखक्रमांक, एकूण लागलेला वेळ, शेवटचा निकाल
२. पुन्हा प्रयत्न
३. टोकन
४. एका वेळी किती कॉल जाऊ द्यायचे याची मर्यादा
५. एन्क्रिप्शन आणि सही
६. तारेवरचा लॉग: प्रत्येक प्रयत्नाला नक्की काय गेलं, काय आलं
७. खरा नेटवर्क हँडलर

लॉग दोनदा का? बाहेरचा लॉग सांगतो 'बिल ९२ सेकंदांत झालं'. आतला सांगतो त्या ९२ सेकंदांत दोन प्रयत्न वाया गेले. ग्राहक 'स्लो आहे' म्हणून फोन करतो तेव्हा दोन्ही आकडे हाताशी लागतात.

हेडर लावताना दोन खड्डे आहेत. कंटेंट-टाइपसारखं हेडर विनंतीच्या हेडरमध्ये घातलं तर एरर येते, ते कंटेंटच्या हेडरमध्ये जातं. दुसरा खड्डा लपलेला आहे. टोकनचा हँडलर पुन्हा-प्रयत्नाच्या आत असल्यामुळे त्याच विनंतीवरून तो दुसऱ्यांदा चालतो. नुसतं ॲड केलंत तर एकाच हेडरमध्ये दोन टोकनं स्वल्पविरामानं जोडून जातात आणि सेवा 'टोकन चुकीचं' म्हणते. पहिल्या प्रयत्नाला चालतं, दुसऱ्याला नाही, असं दिसलं की आधी इथे बघा. ॲड करण्याआधी त्याच नावाचं हेडर काढून टाकायचं, दर वेळी.

टोकन

ई-इन्व्हॉइसचं टोकन ६ तास चालतं. म्हणजे दर कॉलला लॉगिन करायचं काही कारण नाही. पण ते ठेवायचं कुठे हा प्रश्न आहे. हँडलरच्या फील्डमध्ये ठेवलं तर फॅक्टरी पेचात टाकते. ती हँडलरची साखळी ठरावीक काळानं, काही सांगितलं नसेल तर २ मिनिटांनी, बदलते. साखळी बदलली की टोकन गेलं, की पुन्हा लॉगिन. दिवसभरात लॉगिनचा नुसता सडा पडतो आणि मधला जीएसपी (जीएसटी सुविधा प्रोव्हायडर, आपलं सॉफ्टवेअर सरकारी प्रणालीशी जोडून देणारी कंपनी) कधीतरी दार बंद करतो. टोकन वेगळ्या सिंगलटन वर्गात (प्रोग्रामभर ज्याची एकच प्रत असते) ठेवा आणि हँडलरनं ते तिथून मागावं. एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन फर्म असतील तर त्या वर्गात जीएसटी नंबरवार टोकनं ठेवा. एका फर्मच्या टोकननं दुसरीचं बिल पाठवलं की जी एरर येते तिच्यावरून कारण लवकर लक्षात येत नाही.

टोकन आणण्याचा क्रम असा:

टोकन ताजं असेल तर तेच द्या.
नसेल तर सेमाफोर (एका वेळी ठरावीक जणांनाच आत सोडणारं कुलूप) घ्या.
सेमाफोर मिळाल्यावर टोकन पुन्हा तपासा, तोवर दुसऱ्या कुणी आणलं असेल.
अजूनही शिळंच असेल तर लॉगिन करा, साठवा.
काहीही झालं तरी फायनलीमध्ये सेमाफोर सोडा.

साधं लॉक इथे चालत नाही, कारण लॉकच्या आत अवेट करता येत नाही. म्हणून सेमाफोर-स्लिम, एक जागेचा. तिसरी ओळ गाळली तर सकाळी दहाला पाच टेबलांवरून एकदम बिलं सुटली की पाच लॉगिन होतात.

लॉगिनचा कॉल वेगळ्या एचटीटीपी क्लायंटनं करा, ज्याच्या साखळीत टोकनचा हँडलर नाही. नाहीतर लॉगिनला टोकन लागतं, टोकनला लॉगिन लागतं, आणि सेमाफोर स्वतःच स्वतःची वाट बघत बसतो. स्क्रीन गोठते आणि एररही येत नाही.

संपण्याच्या वेळेपेक्षा ५ मिनिटं आधीच टोकन शिळं समजा. ती वेळ वाचताना वेळविभाग जपा. उत्तरातल्या वेळेला विभाग लिहिलेला नसेल तर ती भारतीय वेळ असते, आणि तुमचा सर्व्हर यूटीसीवर असेल तर हिशोब साडेपाच तासांनी चुकतो. मेलेलं टोकन जिवंत वाटतं. दुपारनंतरच एरर येतात, सकाळी सगळं छान, अशी तक्रार आली तर घड्याळावर संशय घ्या.

सेवेनं टोकन नाकारलं तर एकदाच नवं आणून एकदाच पुन्हा पाठवा. 'एकदाच' म्हणण्याचं कारण, पासवर्डच बदललेला असेल तर फिरत राहणारा कोड खातं लॉक करून टाकतो. नाकारलेलं ओळखायचं कसं? नेहमीच्या सेवा ४०१ (ओळख पटली नाही) हा स्टेटस देतात. ई-इन्व्हॉइसच्या प्रणालीत मात्र एचटीटीपीचा स्टेटस २०० येतो आणि आतल्या जेसनमध्ये स्टेटस शून्य आणि एररची यादी असते. टोकन अवैध असण्याचा कोड १००५. जीएसपीगणिक बाहेरचं वेष्टन थोडं बदलतं, पण तत्त्व तेच. नुसता एचटीटीपीचा यशस्वी स्टेटस बघून पुढे जाणारा कोड इथे फसतो आणि बिलावर रिकामा क्यूआर छापतो. म्हणून टोकनच्या हँडलरनं उत्तराचा मजकूर वाचलाच पाहिजे, आणि वाचण्याआधी तो बफरमध्ये भरून घेतला पाहिजे, नाहीतर पुढच्याला रिकामा प्रवाह मिळतो.

पुन्हा प्रयत्न: कुठे चालेल, कुठे नाही

४०८, ४२९, ५०२, ५०३, ५०४ (मुदत संपली, फार कॉल आले किंवा सर्व्हर तात्पुरता अडला, असं सांगणारे स्टेटस) आणि कनेक्शन तुटणं, एवढ्यावरच पुन्हा प्रयत्न करा. ४०० वर पुन्हा पाठवून उत्तर बदलत नाही. एचएसएन कोड चुकलाय तर तो चुकलेलाच राहणार. दोन प्रयत्नांमधला वेळ दुप्पट करत न्या, त्यात थोडा यादृच्छिक भाग मिसळा, आणि उत्तरात रिट्राय-आफ्टर हेडर असेल तर आपला हिशोब बाजूला ठेवून ते पाळा. ते कधी सेकंदांत येतं, कधी तारीख-वेळेत. दोन्ही वाचता आलं पाहिजे. फसलेल्या प्रयत्नाचं उत्तर पुढच्या प्रयत्नाआधी डिस्पोज करा.

वेळेचा हिशोब कागदावर मांडा. एचटीटीपी क्लायंटची मूळ मुदत १०० सेकंद, आणि ती सगळ्या साखळीला मिळून असते, एका प्रयत्नाला नाही. ३० सेकंदांचे ३ प्रयत्न आणि मधे २ व ४ सेकंदांची विश्रांती मिळून ९६ होतात. चौथा प्रयत्न लावलात तर तो सुरू होण्याच्या बेतात असतानाच सगळं कापलं जातं. म्हणून क्लायंटची मुदत अमर्याद करा आणि प्रत्येक प्रयत्नाची मुदत पुन्हा-प्रयत्नाच्या हँडलरमध्ये जोडलेल्या कॅन्सलेशन सोर्सनं घाला. मुदत संपली की टास्क कॅन्सल झाल्याची एरर येते, आणि वापरकर्त्यानं रद्द केलं तरी तीच येते. वरून आलेलं कॅन्सलेशन टोकन (लॉगिनचं नव्हे) रद्द आहे का ते बघून ठरवा: असेल तर गप्प थांबा, नसेल तर पुढचा प्रयत्न.

आता खरा धोका. मुदत संपली म्हणजे काम झालं नाही असं नव्हे. विनंती पोचली, आयआरएन बनला, उत्तर परत येताना लाइन गेली, हे रोजचं आहे. आयआरएन हा पुरवठादाराचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक यांच्यावरून काढलेला ६४ अक्षरांचा हॅश (त्याच माहितीवरून दर वेळी तोच येणारा ठसा) असतो. त्यामुळे तेच बिल पुन्हा पाठवलं तर दुसरा आयआरएन बनत नाही, २१५० ही डुप्लिकेटची एरर येते. तिला चूक समजून वापरकर्त्याला लाल खिडकी दाखवू नका. दस्तऐवजाच्या तपशिलावरून आयआरएन परत मागायचा कॉल आहे, तो करा आणि यश म्हणून पुढे जा.

याउलट काही सॉफ्टवेअर एरर आली की बिलाला पुढचा क्रमांक देऊन पुन्हा पाठवतात. याहून वाईट काही नाही. एकाच मालाची दोन बिलं सरकारदरबारी पडतात. पहिलं २४ तासांच्या आत रद्द केलं तर ठीक, नाहीतर क्रेडिट नोटचा घोळ. रद्द केलेला क्रमांक पुन्हा वापरताही येत नाही. बिलाचा क्रमांक ही साखळीच्या बाहेरची गोष्ट आहे. कुठल्याही हँडलरनं तिला हात लावायचा नाही.

ज्या सेवांना असा हॅश नाही, उदाहरणार्थ ग्राहकाला एसएमएस पाठवणारी किंवा पेमेंटची, तिथे पोस्ट कॉल डोळे झाकून पुन्हा पाठवू नका. सेवा विशिष्ट ओळखकिल्ली (एका व्यवहाराला एकच, म्हणजे तोच कॉल पुन्हा आला तर सेवा ओळखते) स्वीकारत असेल तर ती पुन्हा-प्रयत्नाच्या हँडलरच्या बाहेर बनवा, म्हणजे तिन्ही प्रयत्नांना तीच जाईल. आत बनवलीत तर प्रत्येक प्रयत्न सेवेला नवा व्यवहार वाटतो आणि किल्लीचा उपयोग शून्य. सेवा किल्ली घेत नसेल तर पोस्टला पुन्हा प्रयत्न बंद ठेवा आणि 'स्थिती तपासा' असं बटण द्या.

गर्दीचे दिवस

मर्यादेचा हँडलर बऱ्याच जणांना उगाचचा वाटतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि गाड्या जागच्या जागी अडकल्या. ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. ती संपण्याआधी ८ तास आणि संपल्यानंतर ८ तास एवढ्याच खिडकीत वाढवून घेता येते. गाड्या अडकल्या की सगळ्यांची मुदतवाढ एकदमच लागते. ५० गाड्यांची यादी निवडून 'वाढवा' दाबलं आणि कोडनं ५० कॉल एकदम सोडले, तर सेवा ४२९ देणार, पुन्हा-प्रयत्नाचे हँडलर एकाच तालात परत धडकणार.

एका वेळी ३ ते ४ कॉल पुरे, सेमाफोरनं. हा हँडलर पुन्हा-प्रयत्नाच्या आत असला पाहिजे. बाहेर ठेवला तर विश्रांती घेत बसलेला कॉलही जागा अडवून बसतो. डॉटनेट फ्रेमवर्कवर आणखी एक बघा: डेस्कटॉप प्रोग्राममध्ये एका होस्टला एका वेळी दोनच कनेक्शन ही तिथली मूळ मर्यादा आहे. ती सर्व्हिस पॉइंट मॅनेजरमधून वाढवली नाही तर तुमचा चारचा आकडा कागदावरच राहतो. त्याच ठिकाणी जुन्या आवृत्तीवरच्या प्रोग्रामला टीएलएस १.२ चालू करून द्या. कनेक्शन सुरू होतानाच तुटण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

दर कॉलला नवा एचटीटीपी क्लायंट बनवून टाकून देण्याची सवयही अशा दिवशी अंगाशी येते. बंद केलेलं कनेक्शन विंडोज काही काळ टाइम-वेट अवस्थेत धरून ठेवते आणि पोर्ट संपत जातात.

सही आणि एन्क्रिप्शन

थेट ई-इन्व्हॉइसच्या प्रणालीशी बोलत असाल तर बिलाचं जेसन लॉगिनच्या वेळी मिळालेल्या सत्र-किल्लीनं एन्क्रिप्ट करून पाठवावं लागतं. काही जीएसपी हे स्वतः करतात, मग हा भाग सोडून द्या. किल्ली टोकनबरोबर येते, म्हणजे टोकन बदललं की किल्लीही बदलली. एन्क्रिप्शन टोकनच्या हँडलरच्या आत ठेवायचं कारण हेच. बाहेर ठेवलं तर नव्या टोकनबरोबर जुन्या किल्लीनं बंद केलेला मजकूर जातो.

इथला नेहमीचा दोष: हँडलर विनंतीचा कंटेंट काढून तिथे एन्क्रिप्ट केलेला ठेवतो. दुसऱ्या प्रयत्नाला तोच हँडलर एन्क्रिप्ट केलेल्यालाच पुन्हा एन्क्रिप्ट करतो आणि पलीकडे कचरा पोचतो. यावर मूळ बाइट विनंतीच्या ऑप्शन्समध्ये, जुन्या आवृत्तीत प्रॉपर्टीजमध्ये, पहिल्याच वेळी ठेवून द्या आणि दर वेळी तिथूनच सुरुवात करा. कंटेंट स्ट्रिंग किंवा बाइट ॲरेचा असू द्या. एकदाच वाचता येणारा प्रवाह असेल तर दुसरा प्रयत्न तिथेच संपतो. परत येणारं उत्तर याच हँडलरनं उघडावं, म्हणजे बाहेरच्या सगळ्यांना साधं जेसन दिसेल.

हॅश-सही मागणाऱ्या सेवांसाठी नियम एकच: जे बाइट तारेवर जाणार त्यांचीच सही. ऑब्जेक्ट पुन्हा जेसनमध्ये बदलून त्याची सही केली तर एखादी मोकळी जागा किंवा दशांशानंतरचं शून्य इकडचं तिकडे होतं आणि सही जुळत नाही.

मराठी मजकूर

स्वतःच्या डिस्पॅच किंवा एसएमएसच्या सेवेला मराठी नावं जातात तेव्हा मोजमाप जपावं लागतं. 'कोल्हापूर' या शब्दात युनिकोडचे ९ घटक आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्याचे २७ बाइट होतात. डॉटनेटचा नवा जेसन लेखक देवनागरी मूळ सेटिंगमध्ये एस्केप करून लिहितो, तेव्हा तोच शब्द ५४ बाइट घेतो. दोन्ही वैध आहेत, वाचणाऱ्याला फरक पडत नाही. पण सही एका रूपाची आणि पाठवणी दुसऱ्याची झाली तर जुळणार नाही. जुन्या कोडमध्ये कंटेंटची लांबी स्ट्रिंगच्या लांबीवरून हातानं भरलेली असते. इंग्रजी नावांवर वर्षानुवर्षं चालतं, पहिलं मराठी नाव आलं की बाइट ठरल्यापेक्षा जास्त झाल्याची एरर. ती ओळ काढून टाका, लांबी क्लायंटला मोजू द्या.

हेडरमध्ये देवनागरी थेट घालू नका, डॉटनेट ती नाकारतो. फर्मचं नाव हेडरमधून न्यायचंच असेल तर पर्सेंट-एन्कोड करा. 'कोल्हापूर' ८१ अक्षरांचा होतो. त्यापेक्षा फर्मचा क्रमांक पाठवणं बरं.

लॉगमध्ये काय लिहू नये

टोकन, पासवर्ड, क्लायंट सिक्रेट, सत्र-किल्ली कधीच नाही. शेवटची चार अक्षरं पुरतात. बिलाचा पूर्ण मजकूर मूळ सेटिंगमध्ये बंद, ग्राहकागणिक एका फ्लॅगनं तात्पुरता चालू. ती फाइल सपोर्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते हे गृहीत धरूनच काय छापायचं ते ठरवा.

जुन्या सोप सेवा

डब्ल्यूसीएफनं (मायक्रोसॉफ्टची जुनी वेब सेवांची लायब्ररी) बनवलेल्या सोप क्लायंटला डेलिगेटिंग हँडलरची सवय नाही. तिथे क्लायंट मेसेज इन्स्पेक्टर लिहायचा: एक पद्धत विनंती जाण्याआधी चालते, दुसरी उत्तर आल्यावर. पहिलीनं परत दिलेली वस्तू दुसरीला तशीच मिळते, वेळ मोजायला ती वापरा. इन्स्पेक्टर एंडपॉइंट बिहेवियरमधून जोडतात, आणि तो क्लायंटचा पहिला कॉल होण्याआधीच जोडावा लागतो. नंतर जोडलेला चालत नाही आणि तक्रारही करत नाही.

सोपचा संदेश एकदाच वाचता येतो. लॉगसाठी वाचलात तर पुढे 'संदेश आधीच वाचला आहे' अशी एरर. आधी बफर केलेली प्रत करा, एक प्रत वाचा आणि दुसरी रेफ पॅरामीटरमध्ये परत ठेवा. सोपचं हेडर संदेशाच्या हेडरमध्ये जातं. एचटीटीपीचं हेडर मात्र एचटीटीपी रिक्वेस्ट मेसेज प्रॉपर्टीमध्ये. दोन्हींची अदलाबदल केली तर कॉल जातो आणि सेवेला हेडर दिसत नाही. मोठं उत्तर आलं की तुटत असेल तर मूळ ६५,५३६ बाइटची मर्यादा वाढवा.

दुसऱ्या भाषांत

जावा आणि अँड्रॉइडवर ओके-एचटीटीपी. ॲप्लिकेशन इंटरसेप्टर एका कॉलला एकदाच चालतो, नेटवर्क इंटरसेप्टर प्रत्येक रीडायरेक्टला आणि प्रत्येक प्रयत्नाला. वरच्या दोन लॉगसाठी हे दोन अगदी बरोबर बसतात. पुन्हा प्रोसीड करण्याआधी आधीचं उत्तर क्लोज करा. लॉगसाठी बॉडी थेट न वाचता पीक-बॉडी वापरा. ४०१ साठी ऑथेंटिकेटर वेगळा आहे, तो वापरा.

जावास्क्रिप्टच्या ॲक्सिऑसमध्ये विनंतीचे इंटरसेप्टर उलट क्रमानं चालतात, शेवटी जोडलेला आधी. उत्तराचे मात्र जोडल्या क्रमानं. कॉन्फिग परत द्यायला विसरलात की कॉल मोडतो. पायथनच्या रिक्वेस्ट्समध्ये सेशनचा पोटवर्ग किंवा एचटीटीपी ॲडॉप्टर वापरा, आणि मुदत स्वतः द्या, कारण तिथे मूळ मुदत नसतेच; लाइन गेली तर प्रोग्राम नुसता बसून राहतो.

चाचणी

साखळीच्या तळाशी खऱ्या नेटवर्क हँडलरऐवजी एक खोटा हँडलर लावा, जो आधी ठरवलेली उत्तरं क्रमानं देतो आणि आलेल्या विनंत्या साठवतो. निदान एवढ्या गोष्टी तपासा. ५०३, ५०३, २०० असं दिलं तर एकूण तीन विनंत्या गेल्या का, आणि तिन्हींत टोकनचं हेडर एकच होतं का. २०० च्या आत १००५ दिला तर एकच लॉगिन होऊन दुसरी विनंती नव्या टोकनानं आणि नव्या किल्लीनं गेली का. दोनदा १००५ दिला तर तिसरी विनंती न जाता एरर वर आली का. मुदत संपवून नंतर २१५० दिला तर शेवटी फॉर्मला आयआरएन मिळाला का, आणि बिलाचा क्रमांक तोच राहिला का. वीस कॉल एकदम सोडले तर लॉगिन एकच झालं का.

मग सँडबॉक्सवर (चाचणीसाठीच्या प्रणालीवर) एक खऱ्यासारखं बिल पाठवा आणि मधेच वायफाय बंद करा. विनफॉर्म्सची स्क्रीन गोठली तर कुठेतरी असिंक कॉलवर डॉट रिझल्ट लिहून थांबलेला कोड आहे. तो अवेटमध्ये बदला, आणि हँडलरच्या आतल्या प्रत्येक अवेटला कॉन्फिगर-अवेट फॉल्स लावा.